अवधानाचे निदान

तंजावर म्हटले की मराठी मनासमोर प्रथम उभे राहते ते बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर आणि त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख. कावेरीच्या खोऱ्यात, तमिळ भाषेच्या हृदयदेशी, एकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापिलेले हे राज्य १८५५ साली खालसा झाले. परंतु राज्य गेले तरी मराठी घरे तेथेच राहिली. त्या घरांतून आजही एक जुन्या वळणाची मराठी बोलली जाते आणि उंबरठा ओलांडताच तीच माणसे तमिळ बोलू लागतात. सरस्वती महालातील हजारो हस्तलिखिते या राज्याची साक्ष देतात. त्या ग्रंथसंग्रहाला ज्यांच्यामुळे वैभव आले ते सरफोजीराजे दुसरे १७९८ साली गादीवर बसले. पुढच्याच वर्षी राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेला, आणि तलवारीचे काम संपलेल्या या राजाने आपले उरलेले आयुष्य विद्येच्या कामी लाविले.

त्यांच्या अनेक कार्यांपैकी एकाची आठवण आजच्या विषयासाठी आवश्यक आहे. धन्वंतरी महाल या नावाने त्यांनी एक वैद्यकशाळा चालविली. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचे ज्ञान तेथे एकत्र आणले गेले. जे उपाय गुणकारी दिसले ते तमिळ पद्यांत ग्रथित करून ठेवण्यात आले. नेत्ररोगांवर तर सरफोजीराजांचे विशेष लक्ष होते. डोळ्यांच्या रोग्यांच्या ज्या नोंदी तंजावरास जपून ठेवल्या आहेत, त्यांत रोग्याची तक्रार, केलेला उपचार आणि डोळ्याची स्थिती लिहिलेली असून सोबत रंगीत चित्रेही आहेत. या नोंदींत रोग्याला दोष दिलेला नाही, उपदेशही केलेला नाही. जे दिसले ते लिहिले आहे, जे केले ते लिहिले आहे, आणि त्याचा काय परिणाम झाला तेही लिहिले आहे. निदान या शब्दाचा खरा अर्थ एवढाच असतो.

सरफोजीराजे गादीवर आले त्याच १७९८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर क्रिक्टन नावाच्या वैद्याचा मनोविकारांवरील एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात अवधान या मनोव्यापारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. काही माणसांचे चित्त कोणत्याही एका वस्तूवर पुरेसा काळ टिकत नाही. बारीकसा आवाज, हालचाल वा प्रकाश त्यांना विचलित करतो. ही अवस्था जन्मजात असू शकते आणि शाळेच्या वयात ती विशेष जाणवते, असे त्याने नमूद केले. आज ज्या अवस्थेस अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, किंवा आद्याक्षरांनी एडीएचडी म्हणतात, तिचे हे अगदी आरंभीचे वर्णन मानले जाते. मराठीत तिला अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता असे म्हणता येईल. पुढे हाइनरिख हॉफमान या जर्मन वैद्याने मुलांसाठी लिहिलेल्या सचित्र पुस्तकात जेवणाच्या मेजावर स्वस्थ न बसणारा एक मुलगा रंगविला. १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या व्याख्यानांत अशा मुलांचे शास्त्रीय वर्णन केले. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली याला असे आढळले की, एका उत्तेजक औषधाने काही चंचल मुले उलट शांत होतात आणि अभ्यासात रमतात. अमेरिकन मनोरोगशास्त्रज्ञांच्या संहितेत या विकाराला १९६८ साली स्थान मिळाले, १९८० साली त्यातील अवधानाचा भाग मुख्य मानला गेला, आणि आजचे नाव १९८७ साली रूढ झाले.

सव्वादोनशे वर्षांचा हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन असे की, हा विकार अलीकडच्या काळाने शोधून काढलेली एखादी सबब आहे असा एक समज सर्वत्र आढळतो. नाव नवे आहे. माणूस जुनाच आहे. आपल्या भाषेत त्याच्यासाठी शब्दांचा तोटा कधीच नव्हता. वेंधळा, धांदरट, विसराळू, चळवळ्या, पायाला भिंगरी लागलेला, चित्त थाऱ्यावर नसलेला, हे सारे शब्द कुणासाठी तरी योजलेलेच होते. मात्र ते सारे शब्द निवाडा देणारे आहेत, निदान करणारे नाहीत. मराठीतील ‘लक्षण’ या शब्दाचेच उदाहरण घ्यावे. वैद्याच्या तोंडी लक्षण म्हणजे रोगाची खूण. घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘काय ही लक्षणे!’ म्हणजे चारित्र्यावरील ताशेरा. समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणे आणि करंटलक्षणे सांगितली ती माणसाने शहाणे व्हावे म्हणून. परंतु ज्या मुलाला शहाणे होण्याची मनापासून इच्छा आहे आणि तरीही वही शाळेतच विसरते, त्याला तीच यादी पुनःपुन्हा ऐकविण्याने काय साधते? ते मूल आपण करंटे आहोत एवढेच शिकते. अवधानाच्या विकारातील खरी हानी येथे होते.

ही लक्षणे रोजच्या व्यवहारात कशी ओळखावीत? त्यासाठी एक घर कल्पावे. तंजावरच्या राजवीथीवरील जुन्या वाड्यात राहणारे एक मराठी कुटुंब आहे. नऊ वर्षांचा मुलगा गणितात हुशार, पण उत्तरपत्रिकेत बेरजेच्या ठिकाणी वजाबाकी करून येतो. समोर बसवून सांगितलेली गोष्ट त्याच्या कानांवरून जाते. बाजारातून तीन वस्तू आणावयास धाडले तर एक आणतो, दुसरी विसरतो आणि तिसरीचे पैसे कुठे ठेवले ते आठवत नाही. पट्टी, पेन्सिल, डबा, छत्री यांतील एक तरी वस्तू आठवड्यातून हरवते. वर्गात बाकावर बसला तरी हातपाय स्थिर नसतात. प्रश्न पुरा होण्यापूर्वीच उत्तर बाहेर पडते. खेळात आपली पाळी येईतो थांबणे त्याला जमत नाही. आजी म्हणते, ‘लाडाने बिघडला.’ शिक्षक म्हणतात, ‘बुद्धी आहे, पण मेहनत नाही.’ दोघांचे प्रेम खरे आणि दोघांचे अनुमान चुकीचे.

याच मुलाला घरातील जुन्या घड्याळाचे यंत्र उघडून दिले तर तो दोन तास जागचा हलत नाही. तेव्हा घरातील माणसे म्हणतात, ‘मनात आणले की सारे जमते, बाकी सारी टाळाटाळ.’ वस्तुतः या विकाराचे मर्म येथेच आहे. या माणसांजवळ अवधान नसते असे नव्हे. ते हवे तेथे, हवे तेव्हा आणि हवे तितका काळ लावण्याची सत्ता दुबळी असते. जेथे विषय स्वतःच मन ओढून घेतो तेथे ही सत्ता लागतच नाही. जेथे विषय नीरस आणि फळ दूर असते तेथेच तिची कसोटी लागते. मराठी कीर्तनकारांस हे मनोविज्ञान चांगले अवगत होते. तंजावरास मराठी कीर्तन गेले, साकी, दिंडी, ओवी आणि अभंग घेऊन गेले, आणि तेथील हरिकथेच्या घडणीस त्याचा मोठा हातभार लागला. त्यातील निरूपण, गायन आणि आख्यान यांची अदलाबदल श्रोत्याचे चित्त निसटू न देण्यासाठीच असते. श्रोता अवधान देईल हे कीर्तनकार कधीच गृहीत धरीत नाही. ते मिळविण्याची व्यवस्था करतो.

मुलींच्या बाबतीत ही ओळख आणखी कठीण होते. पुष्कळ मुलींत धावपळ दिसत नाही, अवधानाची गळतीच तेवढी असते. वर्गात शांत बसलेली, खिडकीबाहेर पाहणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही. म्हणून तिच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. मुलांच्या मानाने मुलींत हे निदान कमी आणि उशिरा होते याचे हे एक प्रमुख कारण आहे.

आणि ही मुले मोठी होतात. पूर्वी असा समज होता की हा विकार बालपणाबरोबर संपतो. आज हे निश्चित झाले आहे की अनेकांत तो प्रौढपणीही टिकून राहतो. जगभरातील अभ्यासांवरून सुमारे पाच टक्के मुलांत आणि सुमारे अडीच टक्के प्रौढांत तो आढळतो. वयाबरोबर धावणे-चढणे कमी होते, पण आतली अस्वस्थता राहते. विजेचे बिल भरावयास पैसे असूनही मुदत टळते. चुलीवर दूध ठेवून दुसऱ्या कामाला गेलेली बाई उतू गेल्याच्या वासानेच भानावर येते. कचेरीत दहा कामे आरंभिलेली असतात आणि एकही पुरे होत नाही. भेटीची वेळ चुकते, बोलताना दुसऱ्याचे वाक्य तोडले जाते, रागाचा झटका येतो आणि मागून पश्चात्ताप होतो. वरील घरातील मुलाला डॉक्टरांकडे नेल्यावर त्याची आई प्रश्नावली भरू लागते, आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नावर तिचा हात थबकतो. कारण तिथे तिच्या मुलाबरोबर तिचेच बालपण लिहिलेले असते. असे अनेक कुटुंबांत घडते. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांनी तो सुमारे तीन चतुर्थांश इतका ठरविला आहे. चाळीस वर्षे ज्या गोष्टीसाठी त्या आईने स्वतःला बोल लाविला, ती गोष्ट आळस नव्हती हे कळल्यावर तिला हलके वाटते, आणि त्याच क्षणी गेलेल्या वर्षांचे दुःखही होते. या दोन्ही भावना स्वाभाविक आहेत, आणि त्यांना थोडा अवसर मिळाला पाहिजे.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. घड्याळ विसरणारा प्रत्येक माणूस या विकाराचा रोगी नसतो. सरफोजीराजांकडेच पाहावे. ग्रंथसंग्रह, मुद्रणालय, इसापाच्या कथांचे मराठी पुस्तक, वनस्पतींची आणि प्राण्यांची चित्रे, वाद्यवृंद, नेत्रवैद्यक असे अनेक व्यासंग एकाच माणसाने केले. आजच्या उतावळ्या दृष्टीला यातही चंचलता दिसू शकेल. पण जिज्ञासेची विविधता हा विकार नव्हे; त्या नेत्ररोगांच्या नोंदी पाहिल्या की एकेका कामात किती सातत्य होते हे कळते. दोनशे वर्षांपूर्वीच्या व्यक्तीवर आजचे नाव चिकटविणे जितके अयोग्य, तितकेच शेजारच्या मुलावर ते वरवर पाहून चिकटविणे अयोग्य.

म्हणून शास्त्राने काही कसोट्या घालून दिल्या आहेत. २०१३ सालच्या अमेरिकन संहितेप्रमाणे अवधानाची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ अशी लक्षणे सांगितली आहेत. यांपैकी कोणत्याही एका गटातील निदान सहा, आणि सतरा वर्षांपुढील व्यक्तीत निदान पाच, लक्षणे सहा महिने तरी टिकून असली पाहिजेत. त्यांतील काहींचा आरंभ बाराव्या वर्षापूर्वी झालेला असला पाहिजे. ती घरी आणि शाळेत, किंवा घरी आणि कचेरीत, अशी दोन तरी ठिकाणी दिसली पाहिजेत. त्यांच्यामुळे जीवनात खरी अडचण होत असली पाहिजे. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची कसोटी अशी की, दुसऱ्या कोणत्या कारणाने त्यांचा उलगडा होत नसला पाहिजे. रक्ताची वा मेंदूच्या छायाचित्राची अशी कोणतीही तपासणी नाही की जी एकट्याने हे निदान करील. धन्वंतरी महालाचाच मार्ग येथेही आहे: पाहावे, विचारावे, लिहावे, पडताळावे.

या पडताळणीत प्रथम डोळे आणि कान तपासले पाहिजेत. फळ्यावरील अक्षर ज्याला दिसत नाही, त्याचे लक्ष फळ्यावर कसे राहील? पांडुरोग, थायरॉईडचा विकार, अपुरी झोप, क्षणभर भान हरपविणारी अपस्माराची एक जात, चिंता, उदासीनता, घरातील कलह, या सर्वांचा विचार झाला पाहिजे. तंजावरच्या मराठी मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. घरी मराठी, रस्त्यावर तमिळ आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणारे मूल वर्गात गप्प वा अस्वस्थ असेल, तर त्याचे कारण न समजलेली भाषा हेही असू शकते. दिल्ली, इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथील मराठी घरांनाही हे लागू आहे. म्हणून तपासणाऱ्याने मुलाची घरची भाषा कोणती हे विचारले पाहिजे, आणि आईबापांनीही ते न विचारता सांगितले पाहिजे.

निदान ठरल्यावर पुढे काय? पहिली गोष्ट अशी की, हा विकार वाईट संगोपनाने होत नाही आणि छडीने जात नाही. मेंदूच्या पुढील भागाकडे असलेले नियमनाचे कार्य आणि डोपामीन, नॉरअॅड्रिनलीन या रासायनिक द्रव्यांचे व्यवहार यांच्याशी त्याचा संबंध आहे. औषधे उपलब्ध आहेत. मेथिलफेनिडेट हे त्यांपैकी प्रमुख; १९४४ सालापासून ते ज्ञात आहे. आपल्या देशात ते कायद्याच्या नियंत्रणाखाली असून तज्ज्ञ डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यावयाचे नसते. त्याने अनेकांना स्पष्ट लाभ होतो. काहींची भूक मंदावते, झोप कमी होते, म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब वेळोवेळी पाहावे लागतात. अगदी लहान मुलांच्या बाबतीत प्रथम आईबापांनाच वागणुकीचे शिक्षण देतात. औषध हे चष्म्यासारखे आहे. चष्म्याने अक्षर दिसते, वाचावयाचे मात्र स्वतःलाच असते.

त्या वाचण्यासाठी घराने आणि शाळेने काही सोयी कराव्या. मोठ्या कामाचे लहान तुकडे करावेत आणि एका वेळी एकच सूचना द्यावी. तोंडी सांगितलेले कागदावर लिहून डोळ्यांसमोर टांगावे. किल्ली, चष्मा, दप्तर यांची जागा ठरवून द्यावी आणि ती कधी बदलू नये. वर्गात मुलाला पुढच्या बाकावर, दारखिडकीपासून दूर बसवावे आणि मध्येच फळा पुसावयास वा वह्या वाटावयास उठवावे. उठण्याची त्याची गरज त्याने भागते आणि शिस्तही मोडत नाही. चांगले केलेले तत्काळ बोलून दाखवावे, कारण दूरच्या बक्षिसाची या मुलांना वाट पाहवत नाही. प्रौढांनी स्मरणशक्तीवर विसंबण्याऐवजी वही, घड्याळाचा गजर आणि एखादा विश्वासू सोबती यांवर विसंबावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. जुने राजेमहाराजेसुद्धा स्मरणासाठी चिटणीस ठेवीत असत.

जेथे मदत कोठे मागावी हेच कळत नाही, तेथे जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातील अथवा वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकार विभाग हा पहिला दरवाजा होय. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक अनेक भारतीय भाषांत उत्तर देतो. दुर्लक्षाची किंमत केवळ परीक्षेतील गुणांनी मोजता येत नाही. अर्धवट सुटलेले शिक्षण, रस्त्यावरील अपघात, टिकत नसलेली नोकरी आणि वर्षानुवर्षांच्या बोलण्यांतून उपजलेली उदासीनता ही ती किंमत आहे. तीतील पुष्कळ भाग टाळता येण्यासारखा आहे.

सरस्वती महालातील त्या जुन्या कागदांवर जे रोगी आले, त्यांना ‘नीट पाहत का नाहीस?’ असे विचारून कुणी परत पाठविले नाही. त्यांचा डोळा तपासला गेला, चित्र काढले गेले, औषध दिले गेले. ज्याचे अवधान टिकत नाही त्याला ‘नीट लक्ष का देत नाहीस?’ असे विचारणे सोपे आहे. लक्ष का टिकत नाही याचा शोध घेणे थोडे अधिक कष्टाचे आहे. तो शोध घेण्याची पाळी प्रथम घरातील मोठ्या माणसांची आहे, आणि त्यासाठी लागणारे अवधान त्यांच्यापाशी आहे.